एकाच वर्गात तीन आरव का असतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी लवकरच बाळ येणार असून आई-वडिलांनी आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी मिळून मुलासाठी व मुलीसाठी नावांची यादी करायला घेतली आहे, परंतु मनात भरलेले प्रत्येक नाव नात्यात, सोसायटीत किंवा शेजारच्या बालवाडीत आधीच दोन-तीन मुलांचे निघते. एकमेकांना न विचारता इतक्या लोकांना एकाच वेळी एकच नाव कसे सुचते, हा सिनेमा-मालिकांचा परिणाम आहे का, आणि पणजीच्या काळातले एखादे नाव ठेवले तर मुलीला ते जुनाट वाटेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात गेली, आणि निवृत्तीनंतर जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे केवळ नावांसाठी वाचण्याचा छंद मला लागला. त्यातून तयार झालेले मत आधीच सांगून टाकतो. आपल्याला एखादे नाव आवडले असे पालकांना वाटते, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना आवडलेला असतो त्या नावातला नाद. एकेक नाव आठ-दहा वर्षांत मागे पडते. त्याचा नाद मात्र वीस-पंचवीस वर्षे टिकतो आणि तेवढ्या काळात स्वतःभोवती नावांचे गणगोत उभे करतो. त्यामुळे तुमच्या यादीतले एखादे नाव पुढे किती मुलांचे असेल, हे त्या नावाकडे पाहून कळत नाही. त्याच्या आगेमागे कोणती नावे ठेवली जात आहेत, हे पाहावे लागते.

१९४० ते १९७० या काळातले कोणत्याही मराठी शाळेचे रजिस्टर घेतले, तर ‘सु’ने सुरू होणाऱ्या नावांची गर्दी पहिल्याच पानावर दिसते. आधी सुमन, सुशीला, सुधाकर, सुमती येतात, मग सुधीर, सुरेश, सुभाष, सुहास, सुलभा, सुषमा, आणि त्यांच्या मागून सुनील, सुनीता, सुरेखा, सुजाता, सुवर्णा, सुप्रिया. यांतले प्रत्येक नाव स्वतंत्रपणे निवडले गेले आहे आणि प्रत्येक घराला आपण काही नवे ठेवले असेच वाटलेले आहे. शेवटच्या अक्षरांचेही तसेच. रमेश, सुरेश, महेश ही नावे रूढ झाल्यावर दिनेश, राजेश, उमेश आले, ते जुने वाटू लागल्यावर योगेश, नीलेश, शैलेश आले, आणि शेवटी रूपेश, कल्पेश, हितेश यांच्यावर ती मालिका थांबली. रमेश म्हणजे रमेचा ईश, हा संधी पहिल्या पिढीला ठाऊक होता. रूपेशपर्यंत पोहोचताना तो कोणी सोडवून पाहत नव्हते, कारण तोवर ‘एश’ हा मुलाच्या नावाचा शेवट म्हणून कानात बसलेला होता. मुलींमध्ये सविता, सरिता, अनिता, संगीता, कविता यांचे एक कुळ, वैशाली, दीपाली, रूपाली, सोनाली, मनाली यांचे दुसरे, आणि त्यानंतर शीतल, स्नेहल, कोमल, काजल, प्रांजल यांचे तिसरे. या तिसऱ्या कुळाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण मुलीचे नाव दीर्घ स्वराने संपावे हा फार जुना संकेत आहे आणि शीतल-स्नेहलच्या पिढीने तो काही काळ बाजूला ठेवला. पुढच्या पिढीत सायली, सई, जुई, श्रेया, श्रावणी येऊन स्वर परत आला.

आजच्या बालवाडीचा पट वाचला, तर आरव, विहान, अद्वैत, रेयांश, शिवांश, अयान, कियान, आरोही, स्वरा, ईरा, मायरा, अन्वी, शिवन्या अशी नावे ऐकू येतात. ती मोठ्याने म्हणून पाहावीत. सुरुवातीला बहुधा मोकळा स्वर, मध्ये य, र, व यांपैकी काहीतरी, शेवटाला ‘आन’, ‘अंश’, ‘वी’ किंवा ‘रा’. जोडाक्षरे कमी आणि ट-ठ-ड-ढ जवळजवळ नाहीत. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, घोष म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या घुमणाऱ्या वर्णाने सुरू होणारे आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ वर्ण असलेले असावे, व मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे, असे सांगितले आहे. ज्यांनी त्या ग्रंथाचे नावही ऐकलेले नाही अशा तरुण पालकांची निवड त्यातल्या मधल्या अटीला इतकी जवळ जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. या वर्णांची कानाला लागणारी मृदुता हेच त्याचे कारण असावे.

अर्थ पाहून नाव ठेवले, असे बहुतेक पालक मनापासून सांगतात आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु क्रम पाहिला, तर आधी नाद आवडतो आणि मग अर्थ शोधला जातो. ‘आरव’ या नावाचा अर्थ नावांच्या बहुतेक याद्यांत ‘शांत’ असा दिलेला असतो. संस्कृत कोशात मात्र आरव म्हणजे आवाज, गलका, आरोळी. या विसंगतीमुळे ते नाव ठेवण्याचे कोणाचे थांबले नाही, आणि थांबण्याचे कारणही नव्हते, कारण ते अर्थासाठी निवडलेले नव्हतेच. रेयांश, अव्यांश, कियान यांसारखी नावे तर चालू नादांचे तुकडे जोडून घडवलेली आहेत, आणि त्यांचे अर्थ नंतर लिहिले गेले आहेत. मुलाला पुढे कधी तरी ‘तुझ्या नावाचा अर्थ काय?’ असे विचारले जाणारच आहे, म्हणून अर्थ महत्त्वाचा वाटत असेल तर तो छापील कोशात पाहावा, एवढा माझा आग्रह आहे.

आता सिनेमा, क्रिकेट आणि मालिका यांच्याविषयी. प्रसिद्ध व्यक्तीमुळे नाव पसरते ही समजूत इतकी पक्की आहे की तिची तपासणी सहसा कोणी करत नाही. सचिन हे नाव घ्या. तेंडुलकर पहिला कसोटी सामना खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये, आणि महाराष्ट्रातल्या सचिनांची गर्दी तर १९७० च्या आणि १९८० च्या दशकांत जन्मलेली आहे. म्हणजे त्यांतल्या बहुतेकांची बारशी तो मैदानात उतरण्यापूर्वीच झाली होती. अभिनेते सचिन पिळगांवकर १९५७ चे आणि सचिन खेडेकर १९६५ चे. तेंडुलकर स्वतः १९७३ चा. त्याचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले हे सर्वश्रुत आहे, परंतु त्याच्या भावंडांची नावे नितीन, अजित आणि सविता अशी आहेत याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाचा पूर्ण नाद या चार नावांत सापडतो, आणि नितीनच्या घरात सचिन किती सहज बसतो ते म्हणून पाहिले की कळते. बर्मनांच्या चाहत्यांची संख्या पूर्वीही मोठी होती. नाव मात्र तेव्हाच पसरले जेव्हा नितीन, प्रवीण, विपिन यांनी कान तयार करून ठेवला होता. माझ्या पाहण्यातल्या रजिस्टरांत तर तेंडुलकर कीर्तीच्या शिखरावर असताना सचिन हे नाव नव्या नोंदींतून कमी होत गेलेले दिसते, कारण तोवर ते काका-मामांचे नाव झाले होते.

सुभाषचे उदाहरण याहून बोलके आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेल्या मराठी मुलांत सुभाष विपुल आहेत आणि त्यामागे नेताजींविषयीचा आदर होता यात शंका नाही. पण तितकाच आदर असलेल्या इतर नेत्यांची जवाहर, वल्लभ ही नावे त्या मानाने फारच थोड्या घरांनी उचलली. सुभाषला ‘सु’ची साथ होती. कीर्तीने दार ठोठावले तरी ते उघडायचे की नाही हे कानाने ठरवले, असा मी याचा अर्थ लावतो. रोहन हे नावही असेच. सुनील गावस्कर यांनी वेस्ट इंडीजचे रोहन कन्हाय यांच्यावरून मुलाचे नाव रोहन ठेवले. ते पुढे मराठी घरांत सहज रुळले, कारण रोहिणी आणि रोहित आधीच ओळखीचे होते.

आणखी मागे गेले तर वसंत हे नाव आहे. वसंतराव नाईक १९१३ चे, वसंतदादा पाटील १९१७ चे, गायक वसंतराव देशपांडे १९२० चे, कवी वसंत बापट १९२२ चे. दोघे मुख्यमंत्री, एक गवई, एक कवी. पुसदजवळच्या गहुलीचा बंजारा समाज, सांगलीकडचे मराठा शेतकरी घर, विदर्भातले मूर्तिजापूर आणि कऱ्हाड, अशी चार टोके. जात, प्रदेश, व्यवसाय यांत काहीही समान नसताना दहा वर्षांच्या आत या चारही घरांत हेच नाव ठेवले गेले, आणि तेव्हा अनुकरण करावे असा कोणी कीर्तिमान वसंतही समोर नव्हता. देवाचे नाव बाजूला ठेवून ऋतूंची, फुलांची, निसर्गाची नावे ठेवण्याची हवा त्या काळात वाहू लागली होती, आणि वसंत, शरद, हेमंत, अरुण तसेच मालती, कुसुम, सरोज, नलिनी, कमल ही सगळी तिचीच नावे. मंगेशकर भगिनींत १९२९ साली जन्मलेल्या थोरल्या मुलीचे नाव आधी हेमा होते आणि वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून ते लता झाले. तिच्या पाठच्या बहिणी मीना, आशा, उषा. चौघींची नावे दोन अक्षरी आणि आकारान्त आहेत, आणि त्यांतले एकही कोणा देवीचे थेट लोकमान्य नाव नाही (उषा ही वैदिक देवता खरी, पण घराघरांत ती पहाट म्हणूनच ओळखीची). १९३० च्या सुमारास कानाला काय नवे वाटत होते, हे एवढ्यावरून समजते.

जिथे आकडे उघडपणे मिळतात तिथेही हेच दिसते. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावे मोजून प्रसिद्ध करते. त्यात १९७० पासून १९८४ पर्यंत सलग पंधरा वर्षे जेनिफर हे मुलींचे पहिल्या क्रमांकाचे नाव होते, आणि आज ते नाव ऐकताच तिकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मध्यमवयीन स्त्री येते, जशी आपल्याकडे संगीता म्हटल्यावर येते. २००५ साली तिकडे कतरिना नावाचे विनाशकारी चक्रीवादळ आले, त्यानंतर ते नाव घटले, परंतु ‘क’ ध्वनीने सुरू होणारी इतर नावे वाढली, असे संशोधकांना आढळले. कानावर सतत आदळलेला ध्वनी वाईट बातमीतूनही रुजतो. त्याच आकडेवारीतली आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी जोडलेली आहे: १८८० मध्ये तिथे शंभरातल्या सुमारे सात मुलींचे नाव मेरी होते, आणि आता पहिल्या क्रमांकाचे नावही शंभरात एखाद्याच मुलीचे असते. तुमच्या आसपास तीन आरव असले तरी, पूर्वीच्या एका आळीत जितके गणपत, विठ्ठल आणि गंगू होते त्या मानाने ही गर्दी कमीच आहे.

जुन्या काळात नावे कमी आणि माणसे जास्त होती, कारण नाव आवडीने निवडण्याची वस्तू नव्हती. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठरलेले असे; बाकीच्यांना कुलदैवत, नदी, तीर्थ, वार यांतून नाव मिळे. यमुना, गंगा, गोदावरी, भागीरथी, काशी, द्वारका या नावांनी एकोणिसाव्या शतकातली मराठी घरे भरलेली होती. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघी १८६० च्या दशकात जन्मलेल्या, आणि दोघींचेही माहेरचे नाव यमुनाच होते. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले की पहिले मिटे. महर्षी कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करताना गोदूबाईंच्याही आनंदीबाई झाल्या. जुन्या कागदांवरून स्त्रियांची नावे मोजणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवावे लागते: एका स्त्रीची दोन नावे असत, पहिले तिच्या आजोळ-माहेरच्या पिढीचे आणि दुसरे नवऱ्याच्या पिढीच्या आवडीचे.

याच काळातल्या नावांचा एक भाग वाचताना आजही मन जड होते. मुले जगत नसत, म्हणून वाचलेल्या मुलाला कोणाची दृष्ट लागू नये यासाठी धोंडू, दगडू, केरबा, भिकू, उकिर्डा अशी नावे ठेवत. बालमृत्यू कमी होत गेले तशी ही नावे नोंदींतून आपोआप गळाली. दवाखान्यांचा आणि लसींचा एवढा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कोणत्या कागदात मिळेल असे मला वाटत नाही. मुलगाच हवा असताना झालेल्या मुलीला ‘नकोशी’ म्हणण्याची प्रथा मात्र फार उशिरापर्यंत राहिली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक ‘नकोशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींपैकी अनेकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले होते.

काही नावे दुर्दैव टाळण्यासाठी हलकी ठेवली जात, तर काही समाजांवर हलके नाव लादलेले असे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस वाटावी असे, असावे असा स्पष्ट नियम आहे. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर हजारो घरांत जे घडले, ते मराठी नावांच्या इतिहासातले सर्वांत जाणीवपूर्वक झालेले परिवर्तन आहे असे मी मानतो. त्या घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा ही नावे एका पिढीत पटावर आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईतल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि तेव्हाच्या औरंगाबादेतल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले, त्यामुळे शिक्षणाची आस आणि ही नावे एकत्रच घरोघर पोहोचली. येथे निवड नक्कीच अर्थाने झाली, आणि माझ्या नादाच्या सिद्धान्ताला हा मोठा अपवाद आहे. पुढे राहुल, मिलिंद, सुजाता, सिद्धार्थ ही नावे सर्व जाती-धर्मांच्या घरांत गेली, तेव्हा मात्र नादानेच काम केले: रोहितच्या शेजारी राहुल आणि सुनीताच्या शेजारी सुजाता अलगद बसली. संघमित्रा आणि यशोधरा ही नावे तितकी बाहेर गेली नाहीत. ती लांब होती.

आजची चाल इतकी वेगवान का, याचे मुख्य कारण घरातल्या मुलांच्या संख्येत आहे. सहा-सात मुले असत तेव्हा एकाला आजोबांचे, एकाला देवाचे, एकाला मावशीच्या हट्टाचे आणि एखाद्याला फॅशनचे नाव मिळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ इतका निघाला. एका किंवा दोन मुलांवर सर्व हौस एकवटते, आणि ती हौस आता आई-वडिलांची असते. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगण्याचा मान अजूनही आत्याचा आहे, परंतु ते नाव तिला आदल्या रात्री फोनवर कळवलेले असते. पूर्वी शहरातल्या नोकरदार घरांत रुजलेले नाव तालुक्याच्या गावी पोहोचायला दहा-पंधरा वर्षे लागत आणि तोवर शहराने ते सोडलेले असे. आता दोन्हीकडे ते एकाच वर्षी ऐकू येते. त्यामुळे नाव एकदम सगळीकडे दिसते आणि तितक्याच लवकर कंटाळवाणेही होते.

राशीच्या आद्याक्षराचा परिणामही पूर्वीपेक्षा वाढला आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ अक्षरे नेमलेली आहेत, आणि त्यांत आर्द्रेच्या वाट्याला घ, ङ, छ, तर हस्ताच्या वाट्याला ष, ण, ठ येतात. पूर्वी जन्मनाव पत्रिकेत राही आणि व्यवहारातले नाव वेगळे असे, म्हणून अडचण येत नसे. आता अनेक घरे व्यवहारातले नावही त्याच अक्षरावरून ठेवू पाहतात आणि मग अवघड अक्षरासाठी संकेतस्थळांवरच्या याद्या चाळतात. अर्थ न लागणारी बरीच नावे याच वाटेने येतात. जुनी दोन नावांची पद्धत अधिक शहाणी होती असे माझे स्पष्ट मत आहे आणि विचारणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

परदेशात किंवा परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांनी अनया, ईशान, नील, माया, रोहन अशी कोणत्याही जिभेला झेपणारी नावे पसंत केली, यात आश्चर्य नाही. पण त्यांच्यासाठी गाळलेली अक्षरे इथेही गळत आहेत. गोपाळ, बाळकृष्ण, मृणाळ, निर्मळा यांतला ‘ळ’ नव्या नावांत जवळजवळ उरलेला नाही. मृणाळची मृणाल कधीच झाली. गोव्यातल्या हिंदू घरांत मंगेश, नागेश, दामोदर, रामनाथ, शांता ही कुलदेवतांची नावे तुलनेने जास्त काळ टिकली, कारण तिथे देऊळ आणि घर यांचे नाते नावातूनही जपले जाई.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. जुनी नावे परत येतात, परंतु सगळी येत नाहीत. आई-वडिलांच्या पिढीचे नाव शिळे वाटते, आजीचे नाव वयस्क वाटते, आणि पणजीचे नाव घरात कोणाच्याही चेहऱ्याशी जोडलेले नसल्यामुळे पुन्हा मोकळे होते. सई, जिजा, मुक्ता, रमा, राधा, जानकी, माधव, राघव, केशव, मल्हार ही नावे अशीच परतली आहेत. त्यांच्याकडे नीट पाहिले तर दिसते की ती लहान आहेत, मागे ‘बाई’ किंवा ‘राव’ नसतानाही पूर्ण वाटतात, आणि त्यांतले ध्वनी आजच्या आवडीत बसतात. राघव तर आरवच्या अगदी शेजारचा आहे. पांडुरंग, धोंडिराम, गजानन, भागीरथी, शकुंतला यांना मात्र तूर्त वाट मिळालेली नाही. तुमच्या पणजीचे नाव इंदू, उमा, रमा यांसारखे असेल तर ते निर्धास्त ठेवा. गोदावरी असेल तर पूर्ण नाव नोंदवून घरी गोदा म्हणता येईल, आणि माझ्या मते ते आजही सुंदर वाटेल. सुनीता, संगीता, संजय, राजेश यांची पाळी यायला अजून एक पिढी तरी जावी लागेल.

एखादे नाव पुढे किती गर्दीचे होईल, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. आपल्याकडे जन्मनोंदींतून नावांची वार्षिक यादी काढून ती लोकांसमोर ठेवण्याची पद्धत नाही, आणि नोंदींतही अडचण आहे: जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, तोवर अनेक घरांत बारसे झालेले नसते, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो. जुन्या शालेय रजिस्टरांत वर्षाचाही भरवसा नसतो, कारण पाल्याची जन्मतारीख आठवत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे मोजायचे तर मतदार यादी बरी. तिथे नावापुढे वय असते, आणि दहा-दहा वर्षांचे गट पाडून एकाच प्रभागातली नावे वाचली की कोणते नाव कधी आले व कधी गेले हे स्वच्छ दिसते. लहान मुलांसाठी दोन-तीन बालवाड्यांचे पट पुरतात. तिथे तुमचे नाव शोधू नका, त्याचे शेजारी शोधा. यादीत ओवी हे नाव असेल आणि पटावर ओवी एकच असली तरी अन्वी, मान्वी, आरवी, शाल्वी अशा चार-पाच मुली असतील, तर शिक्षिकेची हाक ऐकताना तुमची मुलगी त्यांच्याच गर्दीत असेल. ती गर्दी नको असेल, तर शेवटचे अक्षर बदला. पहिले बदलून फारसा उपयोग होत नाही, कारण आपल्या कानात नावाचा शेवट जास्त रेंगाळतो.

प्रसिद्धीला घाबरून मात्र आवडते नाव सोडू नका. जे नाव आज दोन वर्गमित्रांचे आहे, ते तुमच्या मुलाला त्याच्या पिढीत सामावून घेते आणि त्यात कमीपणा काही नाही. वर्गातल्या तीन संजयांनी आडनावांवरून एकमेकांना हाका मारत आयुष्यभराची मैत्री केलेली मी पाहिली आहे.

नाव ठरल्यावर ते संपूर्ण म्हणून पाहा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत राज्याच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे, त्यामुळे आईच्या नावाशी ते कसे जुळते हेही ऐकायला हवे. ‘स्वरा’नंतर लगेच ‘स्वाती’ आले तर दोन्ही नावे एकमेकांत अडकतात. जन्मनोंदीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. तेव्हा घाईने नाव लिहून देण्याची गरज नाही. एकदा लिहिलेले नाव बदलण्यासाठी पुढे राजपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि शाळा, आधार, पारपत्र अशा प्रत्येक ठिकाणी वेगळी दुरुस्ती करावी लागते. रोमन लिपीतले स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवून घ्यावे, कारण ऋतुजा हे नाव एकाच मुलीच्या तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले मी अनेकदा दुरुस्त केले आहे. दाखला छापण्यापूर्वी लिपिक जो मसुदा दाखवतो, तो आई आणि वडील दोघांनी अक्षर-अक्षर वाचून मगच त्यावर सही करावी.